उभ्या होडीचं माप

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत गेली तीन वर्षं एक होडी आहे. तिच्यापासून सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे कोपऱ्यावरचा नळ. चौदा फूट लांब, प्लायवूडची, निळी, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली आणि चोरीला जाऊ नये म्हणून विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेली. पहिल्या वर्षी लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. दुसऱ्या वर्षी तिच्यावर शेजारणींच्या गोधड्या वाळत पडू लागल्या. तिसऱ्या वर्षी मंडळाची माणसं येऊन म्हणाली, वैनी, शिवजयंतीला मांडव घालायचाय, हे तारू कुठंतरी लावा की.

होडी माझ्या नवऱ्याची. तीस वर्षं ते उद्यमनगरात लेथवर उभे राहिले, मग गुडघे बोलायला लागले म्हणून काम सोडलं आणि दुसऱ्याच महिन्यात मालवणला जाऊन ही जुनी शिडाची होडी टेम्पोत घालून घेऊन आले. एवढ्या जन्मात त्यांनी बायकोला न विचारता घेतलेली मी फक्त एकच वस्तू पाहिली होती, ती म्हणजे हिरवा टॉवेल. त्यावरून एकदम होडीवर. पश्चिमेला एका धरणाच्या मागच्या पाण्यावर ह्यांच्या मावसभावाचं शेत आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी तिथं होडी ओढत न्यायची, तीन तास पाण्यात फिरायचं आणि संध्याकाळी परत आणून खांबाला बांधायची, असा आमचा संसार चालला होता.

मंडळाची माणसं येऊन गेली आणि ह्यांचा धीर सुटला. सांगलीकडचे एक पावणं होडी बघायला येतो म्हणाले होते, त्यांना ह्यांनी फोनवर सांगून टाकलं, येत्या पंधरवड्यानंतरच्या रविवारी या आणि घेऊनच जा. मी हे स्वयंपाकघरातून ऐकलं. हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली आणि करपली, यावरून मला किती लागलं ते कळेल, कारण माझी पोळी करपत नाही.

होडी ह्यांची असली तरी तिच्यात एक गोष्ट माझी होती आणि ती अजून झालेली नव्हती. ह्यांच्याच मोबाइलवर मी कधीतरी एक चित्र पाहिलं होतं. होडी पाण्यात नांगर टाकून उभी, शीड उतरवलेलं, आणि शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून कापड टाकून दोन्ही काठांना बांधलेलं. झाला तंबू. आत अंथरूण. ते चित्र बघितल्यापासून मला त्या कापडाखाली एक रात्र झोपायचं होतं. हसू नका. सव्वीस वर्षांच्या संसारात मी घराबाहेर झोपले ती माहेरी, लग्नघरात, नाहीतर नृसिंहवाडीला भक्तनिवासात बारा बायकांच्या रांगेत. म्हणजे कुणाच्या तरी घरात, आणि सकाळी उठून कुणाच्या तरी चहाला हात लावायला. पाण्यावर कुणाचं घर नसतं. तिथं मला कुणी वैनी, काकी, मामी म्हणून उठवणार नव्हतं.

मी हे सगळं ह्यांच्यासमोर जेवताना नाटकातल्यासारखं, एक हात छातीवर ठेवून सांगितलं. ह्यांनी ताक संपवलं आणि म्हणाले, "उघड्यावर मी न्हाय झोपणार. दव पडतं. माझं नाक धरतं. छप्पर कर, मग बघू."

छप्पर कर. मी ब्लाऊज शिवणारी बाई. पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, एक पायमशीन, एक इस्त्री, एक आरसा आणि लग्नसराईत छपराला टेकतील इतक्या पिशव्या. मला छप्पर कर म्हणणं म्हणजे पेटवणंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बारा मीटर रेनकोटचं कापड आणलं, गडद हिरवं, आतून रबरी थर असलेलं. दुकानदारानं विचारलं, एवढे कुणाचे रेनकोट. मी म्हटलं, एकीचाच, जरा अंगानं भरलेली आहे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. कोल्हापुरात ब्लाऊज शिवायला आलेली बाई टेप लावून घेत नाही. ती पिशवीतून एक जुना, चांगला बसणारा ब्लाऊज काढते आणि म्हणते, हे मापाचं. तो कापडावर पसरायचा, कडेनं खडू फिरवायचा, कात्री लावायची. पंचवीस वर्षं मी असंच शिवलंय. आणि माझा नवरा लेथवरचा माणूस. तो सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याच्यात जगतो. त्यांनी मला तंबूचा कागद काढून दिला. इकडून बाण, तिकडून बाण, तीन फूट दहा इंच दोन सूत. मी तो कागद उलटा, सुलटा आणि आडवा धरून बघितला आणि परत दिला. म्हटलं, अहो, हे मला कळत नाही, मापाचं द्या.

ह्यांना राग आला. रात्री जागून काढलेला कागद होता तो. हे बाहेर गेले, होडीवर कायम घातलेली जुनी ताडपत्रीची खोळ ओढून काढली आणि माझ्या दुकानाच्या दारात टाकली. "घे मापाचं," म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

मला ते पटलं. खरंच पटलं, हेच तर वाईट. गल्लीत असताना होडीची उभी डोलकाठी काढून तिच्याच अंगावर लांबवर आडवी ठेवलेली असते. तिच्यावरून खोळ दोन्ही बाजूंना उतरते. मधे काठी, दोन्हीकडं उतार. तंबू आणखी काय निराळा असतो, असं मला वाटलं.

पुढचे पाच दिवस कसले गेले ते माझ्या शत्रूलाही नको. रेनकोटचं कापड मशीनखाली सरकतच नाही. मशीनचा पाय रबराला चिकटून बसतो आणि सुई एकाच जागी उठाबशा काढते. मी पायाला पावडर लावली, सरकलं, तर असं सरकलं की शिवण कागलला निघाली. टाचण्या लावायची सोय नाही, कारण या कापडाला एकदा पडलेलं भोक बुजत नाही, तिथूनच पाणी येतं. म्हणून मी सगळीकडं कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, तर ते मशीनच्या कमानीत अडकून टपाटप जमिनीवर उडायला लागले. बारा मीटर कापड त्या कमानीतून उजवीकडून डावीकडं ढकलायचं म्हणजे म्हशीला खिडकीतून घरात घेण्यासारखं. दोन सुया मोडल्या. एकीचं टोक कुठं गेलं ते अजून सापडलेलं नाही, त्या खोलीत मी आजही अनवाणी जात नाही. आणि उसवायचं तर नावच नको. उसवलं की चाळणी.

यात भर म्हणून तळमजल्यावरच्या काकू. जैन आहेत, बाजारात पिढीजात किराण्याचा व्यापार. त्या सूर्यास्ताच्या आत जेवून मोकळ्या होतात, त्यामुळं त्यांची सगळी संध्याकाळ माझ्या दारातल्या खुर्चीत जाते. त्यांच्या सुनेच्या माहेरच्या लग्नाचे सहा ब्लाऊज माझ्याकडं पडले होते. त्या ब्लाऊजबद्दल एक शब्द बोलायच्या नाहीत. फक्त माझ्या हातातल्या हिरव्या कापडाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, चालू दे तुझं, लग्न काय, होतंयच ब्लाऊजशिवाय.

शुक्रवारी तंबू झाला. गल्लीतच होडीवर चढवून बघितला. असा बसला, असा बसला, की माझी मलाच दृष्ट लागेल. एक सुरकुती नाही. कडेनं हुक, हुकांना होडीच्या काठावर कड्या, टोकाला पायपिंगची किनार. गल्ली जमली. मी होडीच्या टोकाला हात ठेवून उभी राहिले आणि मान अशी तिरकी केली की जणू मागून सनई वाजतेय. एकटे हेच गप्प होते. खोळीवरून शिवलेला तंबू खोळीच्या जागी बसणारच, यात बघायचं काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण राग अजून गेलेला नव्हता, म्हणून त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि ते कळत असून मी विचारलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणसं अशी वागतात.

रविवारी आम्ही धरणावर गेलो. पिठलं, भाकरी, अंथरूण, डासांची अगरबत्ती, सगळं बांधून. होडी पाण्यात लोटली, डोलकाठी उभी केली, दुपारभर शीड लावून फिरलो, पाच वाजता काठाजवळ नांगर टाकला. ह्यांनी शीड उतरवलं आणि आडव्या दांड्याचं मागचं टोक दोरीनं वर टांगलं. मी तंबू उलगडला.

पहिल्यांदा तो पुढं सरकेचना, कारण पुढं डोलकाठी उभी. माझ्या तंबूत डोलकाठी जाईल अशी जागाच नव्हती. कशी असेल, खोळीला कुठं होती. कसाबसा एका बाजूला दुमडून दांड्यावरून टाकला, तर दोन्ही बाजूंनी कापड होडीच्या काठापर्यंत पोचेना. वीतभर आखूड. गल्लीत ती काठी काठापासून फूटभर उंचीवर आडवी असते, आणि इथं हा दांडा माझ्या छातीशी. माझे ते सुबक हुक हवेत लोंबत होते आणि त्यांच्या कड्या खाली काठावर बसून वर बघत होत्या. वारा सुटला तसा तंबू फुगला, फडफडला आणि त्यानं पिठल्याचा डबा पाण्यात ढकलला.

मी कापड खाली ओढत होते. नुसती ओढत होते, दोन्ही हातांनी, दात आवळून, जणू ओढल्यानं ते वाढणार होतं. हे मागं बसून बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, चल घरी. त्यांच्या तोंडून 'कागदावर होतं की सगळं' एवढं एक वाक्य आलं असतं तर मी सुखानं भांडले असते. तेही आलं नाही. मावसभावाच्या घरी तांब्याभर पाणी पिऊन आम्ही अंधार पडताना कोल्हापूरला परतलो, आणि होडी परत खांबाला बांधली.

पुढच्या रविवारी पावणं येणार होते.

सोमवारी संध्याकाळी काकू खुर्चीत येऊन बसल्या. मी हिरव्या ढिगात बसून होते, हातात त्यांच्या सुनेच्या ब्लाऊजची बाही. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं, गल्लीत कुणालाच कळायचं राहिलं नव्हतं. तरी मी परत सांगितलं, हातवारे करून, फडफडीच्या आवाजासकट. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, खोळ घालून होडी झोपलेली असती," त्या म्हणाल्या. "उभ्या बाईचं माप घेत्यात का झोपलेलीचं? पंचवीस वर्षं काय शिवलंस तू?"

मी बाही खाली ठेवली. काकूंनी ती उचलली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आधी हे.

पण मंगळवारी सकाळी मी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, डोलकाठी उभी करा, मला उभं माप पाहिजे. ह्यांनी वर बोट दाखवलं. गल्लीत बारा फुटांवर विजेच्या तारा, केबलच्या तारा, आणि कुणाच्यातरी पतंगाचा सांगाडा. डोलकाठी सोळा फुटी. मैदानावर न्यायची तर गाडा ओढायला टेम्पो पाहिजे, आणि टेम्पोवाला शनिवारशिवाय मोकळा नव्हता. धरणावर जाऊन माप घेऊन परत येऊन शिवायचं, तर दिवस कुठं होते. मला रडूच आलं. खरं रडू, नाटकातलं नाही. हे माझ्या रडण्याला गेल्या सव्वीस वर्षांत फसले नाहीत, दोन्ही रडूंमधला फरक त्यांना लगेच कळतो.

हे वळले. आत गेले, तो नाकारलेला कागद घेऊन आले, खिशातून टेप काढली. होडीत चढले, डोलकाठी जिथं बसते बरोबर तिथं एक पाट ठेवला आणि त्याच्यावर उभे राहिले. मग आडवा दांडा उचलून टेप लावून आपल्या छातीशी धरला. दांड्याचं मागचं टोक त्यांनी मागं उभ्या केलेल्या लाकडी शिडीला टांगलं होतं.

"तीन फूट दहा इंच दोन सूत," ते म्हणाले. "हाय असं. घे तुझं उभं माप."

आणि माझा नवरा सकाळी साडेनऊपासून साडेअकरापर्यंत, भर मंगळवार पेठेत, होडीत डोलकाठी होऊन उभा राहिला. गुडघे दुखतात त्यांचे. मी तो हिरवा तंबू त्यांच्यावर टाकला, छातीपुढं कापला, त्यांच्याभोवती गुंडाळला आणि चिमटे लावत गेले. दूधवाला थांबला. शाळेच्या रिक्षा थांबल्या. मंडळाच्या अध्यक्षानं मोटारसायकल बंद करून विचारलं, "काय वैनी, दाजींना आतच शिवून टाकताय व्हय?" ह्यांनी मान हलवली नाही, फक्त डोळे त्यांच्याकडं फिरवले, कारण मान हलवली असती तर माप चुकलं असतं. दहा वाजता ह्यांना नाकाला खाज आली. मी खाजवून दिली. एकदा मला वाटलं, होडी विकायचीच आहे तर हा माणूस उभा कशासाठी आहे. विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, पोट आत घ्या, डोलकाठीला पोट नसतं. त्यांनी घेतलं, आणि मग बराच वेळ श्वासही घेतला नसावा.

उभं माप मिळालं तरी हाल संपले नाहीत. वीतभर कमी पडलं होतं तिथं जोड द्यायला त्याच हिरव्या कापडाचा तागा संपलेला. मिळालं ते जांभळं. मग दोन्ही कडांना मी हातभर रुंद जांभळा पट्टा जोडला आणि माझा तंबू इरकली लुगडं नेसलेल्या बाईसारखा दिसायला लागला. डोलकाठीभोवती गळा कापला. गळे कापण्यात माझा हात धरणारी पेठेत नाही, पण रेनकोटच्या कापडाचा गोल गळा दुमडत नाही, कडक उभा राहतो. तीनदा केला. शेवटी वैतागून परकराला असतो तसा नेफा घातला आणि आत नाडी ओवली. ओढली की गळा काठीला घट्ट. हुक काढले, तिथंही नाड्याच लावल्या. गुरुवारी पहाटे तिसरी सुई मोडली. शुक्रवारी काकूंचे सहाही ब्लाऊज इस्त्री करून त्यांच्या हातात दिले, तेव्हा त्यांनी घड्या उलटून प्रत्येक बाही तपासली. माझा भरवसा राहिला नव्हता त्यांना.

शनिवारी संध्याकाळी, धरणावर, तंबू बसला. दांड्यावर ताठ, काठाला भिडलेला, गळ्याशी नाडी. वारा आला, तर नुसता गुरगुरला आणि गेला. बोलण्यासारखं खूप होतं, पण जबडा दुखत होता. आठवडाभर दातांत चिमटे धरून शिवलं होतं. दोन्ही टोकं बांधून, सगळ्या नाड्या आवळून आम्ही आत आडवे झालो. वाऱ्याला शिरायला फट नाही, डासाला नाही. ह्यांनी टॉर्चनं एकेक शिवण तपासली आणि म्हणाले, चांगलं झालंय. हे ह्यांनी लग्नानंतर माझ्या शिवणाबद्दल पहिल्यांदाच म्हटलं होतं. मग ते झोपले.

सकाळी मला जाग आली ती नाकावर पडलेल्या थेंबानं. दुसरा गालावर. मी डोळे उघडले तर तंबूचं आतलं अंग सगळं घामेजलेलं. रबरी कापड, फट नाही, आणि आत दोन माणसं रात्रभर श्वास सोडत होती. ते सगळं वर चढून, थंड होऊन, थेंबथेंब आमच्याच अंगावर परत आलं होतं. गादीवर तळं. हे उठून बसले होते, केस चपटे, नाक धरलेलं. मी डोळे परत मिटून घेतले. आठवडा, तीन सुया, जांभळा काठ, नेफा, सगळं आठवलं आणि वाटलं, आता हे काय ते बोलून टाकतील आणि दहा वाजता सांगलीचे पावणं इथं काठावरच होडी न्यायला येतील, मग संपलं.

ह्यांनी टोकाची नाडी सोडून कापड बाजूला केलं. "बाहेर दव पडलंच न्हाय," म्हणाले. "सगळं आत पडलंय."

मग कापडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी एक डोळा उघडला. हे गुडघ्यांवर उभे राहून, माझ्या पिशवीतला खडू घेऊन, वरच्या बाजूला कापडावर खुणा करत होते. पुढं एक, मागं एक. हवा इकडून शिरली पाहिजे आणि तिकडून निघाली पाहिजे, असं ते स्वतःशीच बोलत होते. वर छोटी झापडं पाहिजेत, पाऊस आत येऊ नये म्हणून.

"हितं भोक," ते मला म्हणाले. "साडेचार इंच, एक सूत जास्त."

म्हटलं, मला सूत कळत नाही.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. चिवड्याचा डबा होता, त्याचं झाकण काढलं, चिवडा गादीवर सांडला, तिकडं लक्ष नाही. झाकण पुसून माझ्यापुढं धरलं.

"हे घे मापाचं," म्हणाले. "आणि त्या सांगलीच्या पावण्यांना फोन लावायचाय. काठावर रेंज असती. आठवण कर."

मी झाकण घेतलं. कपडे ओले, चिवडा ओला, आणि ह्यांना आता चहा लागणार होता, हे मला कळत होतं. कात्री मात्र मी घरी विसरले होते.